घरचंच रक्त

सासूबाईंनी हॉस्पिटलात न्यायच्या डब्याचं झाकण काढून भाजीचा वास घेतला, तेव्हाच सुनेनं ओळखलं, आजही झडती होणार.

"नीट शिजवलंस ना? कच्चं पोटात गेलं तर निस्तरणार कोण?"

"शिजवलंय, आई."

"तोंडानं सगळेच सांगतात."

सुनेचा नवरा घड्याळं दुरुस्त करायचा. गेल्या वर्षी त्याच्या हाडांतल्या मगजानं रक्त बनवणंच सोडलं. सख्ख्या बहिणीच्या, रक्त बनवणाऱ्या मूळ पेशी जुळल्या, त्या त्याच्या अंगात सोडल्या. काही दिवस रक्त सुधारलं, घर हसायला लागलं, आणि मग सगळं उताराला लागलं. शरीरानं बहिणीच्या पेशी नाकारल्या, असं डॉक्टरीणबाई म्हणाल्या. नाकारल्या म्हणजे काय, याचा अर्थ घरानं आपल्या परीनं लावला.

"मनापासून दिलंस ना गं?" सासूबाईंनी लेकीलाच धारेवर धरलं. "सुई टोचताना तोंड वाकडं केलं होतंस." शाळेत शिकवणारी ती बाई पोरीसारखी रडली. लेकीवरून संशय सुनेवर आला. हिनंच चोरून परक्याचं रक्त चढवलं असणार! सून गप्प राही. खरं सांगायचं तर तिच्याही मनात नणंदेबद्दल किंतु होताच, आणि घराच्या नजरा नणंदेवर असल्या की तिला हायसं वाटे. संशयाच्या घरात माणूस इतकं लहान होतं.

आजाराच्या सुरुवातीला रक्त वरचेवर लागायचं. ते रक्तपेढीतूनच घ्या, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. पण सासूबाई हटून बसल्या. "कुणाचं, कुठल्या कुळाचं, काय ठाऊक! माझ्या लेकराच्या अंगात परका थेंब नको." मग घरात ज्यांचा शब्द चाले त्या नवऱ्याच्या काकांच्या ओळखीच्या छोट्या दवाखान्यात बहिणीचं रक्त गुपचूप चढत राहिलं. मोठ्या हॉस्पिटलात कुणी अवाक्षर काढलं नाही.

त्या दुपारी डॉक्टरीणबाईंनी तिघींना समोर बसवलं.

"पूर्वी रक्त कुणाचं चढवलंत? खरं सांगा."

सासूबाईंची मान ताठ झाली. "सगळं घरचं. हिचंच. बाहेरचा थेंब नाही."

डॉक्टरीणबाईंनी चष्मा काढला. "आजी, बहुतेक तिथंच घात झाला. हिचं रक्त पुन्हा पुन्हा आत गेलं, तसं त्याचं शरीर हिच्यावर डूख धरून बसलं. मग हिच्याच पेशी आल्यावर ते तुटून पडलं. यात हिच्या मनाचा दोष नाही, आणि वहिनींच्या डब्याचाही नाही."

नणंदेनं पदर तोंडात कोंबला.

"आता एकच वाट आहे. एक अनोळखी दाता जुळतोय, आणि पेशंट तयार आहे. दात्याचं नाव-गाव आम्हालाही कळत नाही."

"मग नकोच!" सासूबाई उठल्या. "काकांना विचारते."

"कुणाला विचारायचं नाही." सुनेचा आवाज त्या घरानं असा कधी ऐकला नव्हता. "तुमच्या लेकानं हो म्हटलंय, मीही हो म्हणतेय. घरचं घरचं करत आपण त्यांना मरणाच्या दारात आणलं, आणि मी तोंड शिवून बसले. वन्संना तुम्ही बोललात तेव्हाही बसले. आता नाही बसणार. तुम्हाला आवडो न आवडो, त्यांना जगवायचंय."

सासूबाई उभ्याच राहिल्या. शेवटी त्या डॉक्टरीणबाईंकडे वळल्या.

"तो जो कोण देणार आहे... कुणाला देतोय ते त्याला माहीत नाही?"

"नाही."

"त्याच्या आईलाही नाही?"

"नाही, आजी."

"आणि तरी तिनं देऊ दिलं?"