खिडकीत कोण आहे?

मुकुंदरावांना भुताखेतांच्या सिनेमांचं वेड होतं आणि शालिनीताईंना त्यांचं मन मोडवत नसे. लग्न झाल्यापासून सुट्टीच्या दिवशी दोघं तीनच्या खेळाला जात. तेव्हाच्या सिनेमांत हवेली असायची, धूर असायचा, रबरी पंज्यांचं भूत असायचं. पंजा दिसला की शालिनीताई डोळे घट्ट मिटून घेत. मुकुंदराव कानाशी म्हणत, "गेलं गं. उघड आता."

पुढे घरी व्हिडिओ आला आणि भाड्याच्या कॅसेटींमधून मुखवटेवाले खुनी आले. हॉस्टेलच्या मुली एकेक करून मरत. शेवटी कोणती वाचणार हे मुकुंदराव सुरुवातीलाच सांगून टाकत आणि बरोबर निघालं की दिवसभर खुशीत असत. मग हलत्या कॅमेऱ्याचे सिनेमे आले. ते बघून शालिनीताईंना भीतीपेक्षा चक्करच जास्त यायची.

गेल्या वर्षी काचबिंदूने मुकुंदरावांची नजर गेली. "माझ्यासाठी टीव्ही बंद ठेवू नकोस. कान शाबूत आहेत," ते म्हणाले. जुने सिनेमे खरंच नुसते ऐकून कळत. दार करकरायचं, संगीत चढायचं, किंकाळी फुटायची, आणि ते खुर्चीत बसून मान डोलवायचे.

दिवाळीला त्यांचा मुलगा आशय निजामपुऱ्यातल्या त्यांच्या घरी आला आणि जाताना टीव्हीवर नवे सिनेमे शोधून ठेवून गेला. "बाबा, हल्लीची भुतं ओरडत नाहीत हं," असंही सांगून गेला.

एका दुपारी दोघं त्यातला एक लावून बसले. दहा मिनिटं झाली तरी कोणी बोलेचना.

"काय चाललंय?"

"काही नाही. एक बाई भांडी विसळतेय."

"तिच्या मागे काय आहे?"

"खिडकी."

"खिडकीत?"

शालिनीताईंनी केव्हाच डोळे मिटले होते.

"अगं, सांग ना. कोण आहे?"

मुकुंदराव चिडले असते तर शालिनीताईंनी दुर्लक्ष केलं असतं. पण त्या आवाजातली अजिजी त्यांना सोसेना. त्यांनी डोळे उघडले.

"एक माणूस उभाय. पाठमोरा. अजिबात हलत नाही."

"आणि ती?"

"तिला माहितीये. मुद्दाम वळत नाहीये." शालिनीताई पुढे सरकून बसल्या. "अहो, तिचा नवरा आहे तो. वारलेला. तिने ताटंही दोन मांडलीयेत. आता वळला बघा तो."

"भयंकर दिसतो?"

"नाही हो. दमलेला दिसतो."

मुकुंदराव म्हणाले, "थांबव जरा."

आजवर त्यांनी कुठलाही सिनेमा मध्येच थांबवला नव्हता. शालिनीताईंनी त्यांचा हात हातात घेतला.

"घाबरलात?"

"हो." मग हळूच, "मी असा येऊन उभा राहिलो तर गं?"

"तर आधी आत या म्हणेन. बाहेर डास किती आहेत!"

मुकुंदराव इतके हसले की त्यांना ठसका लागला. शालिनीताई चहा टाकायला उठल्या, तर तेही उठले. "मी येतो तुझ्याबरोबर." त्यांच्या खांद्यावर हात ठेवून ते ओट्यापाशी आले आणि चहा उकळेपर्यंत तिथेच उभे राहिले.

"चल, लाव पुन्हा," कप रिकामा झाल्यावर ते म्हणाले.

हल्ली सिनेमा शालिनीताईच निवडतात. परवा मुकुंदरावांनी हौसेने एक कुऱ्हाडवाला लावायला सांगितला, तर पंधराव्या मिनिटाला शालिनीताईंनी तो बंद केला. "यात नुसतीच पळापळ आहे हो," त्या म्हणाल्या, "तुम्हाला सांगण्यासारखं काही नाही."