सत्तेचाळीस नंबरचा लॉट

मुळं निवडायच्या शेडमध्ये तिला सगळे जिभाबाई म्हणत. बोलायला ती फार कमी. नाव पडलं ते कामावरून. औषधी मुळांची पोती आली की ती प्रत्येक पोत्यात खांद्यापर्यंत हात घालून तळातलं एक मूळ काढायची, कडकन मोडायची, मोडल्या जागेची कपची जिभेच्या शेंड्यावर ठेवायची आणि मनात शंभरपर्यंत आकडे मोजायची. नुसतं कडू लागलं तर ते अतिविष, लहान मुलांच्या जुलाबावर आणि तापावर पिढ्यान्‌पिढ्या उगाळून दिलेलं. जिभेला मुंग्या येऊन ती बधिर होत गेली तर तो बचनाग. दोन्ही एकाच कुळातली, डोंगरावर शेजारीशेजारी उगवणारी, वाळल्यावर सख्खी भावंडं वाटावीत अशी. एकाने आजारी पोर उठून बसतं, दुसऱ्याने धडधाकट पोर हातचं जातं.

पास झालेल्या पोत्यावर ती खडूने गोल काढायची. मग प्रत्येक गोलवाल्या पोत्यातली एकेक मूठ घेऊन लॅबची बरणी भरायची, तेही तिचंच काम. लॅबमधलं मशीन चोख होतं. पण मशीनला बरणीतलं तेवढंच दिसे, आणि बरणीत काय जाईल ते जिभाबाईचा हात ठरवी. अशी बावीस वर्षं गेली होती. मुलांच्या चूर्णाच्या डब्यावर तिचा फोटोसुद्धा होता. डोक्याला रुमाल, हातात मोडलेलं मूळ आणि खाली ओळ : ‘प्रत्येक पोतं चाखून पारखलेलं.’ फोटो काढणाऱ्याने तेव्हा सांगितलं होतं, “जीभ बाहेर काढू नका, बरं दिसत नाही.” त्यावर ती म्हणाली होती, “मग पारखू कशानं, कानानं?” शेडमध्ये हा किस्सा अजून सांगत.

सत्तेचाळीस नंबरचा लॉट आला त्या सकाळी तिने दाढ काढून घेतली होती. आठवडाभर ठणकत होती, रात्रीचा डोळ्याला डोळा लागत नव्हता. दातांचा डॉक्टर बोलका होता. सुई टोचता टोचता म्हणाला, “हे बधिर करायचं औषध पूर्वी एका झुडपाच्या पानांतून काढायचे. आता कारखान्यात होतं. म्हणजे आपण एकाच धंद्यातले म्हणा ना!” तिला हसता आलं नाही. ओठ आणि जीभ दुसऱ्या कुणाची तरी असल्यासारखी झाली होती.

“आज घरी पडून राहा,” डॉक्टर म्हणाला.

ती कामावर गेली. चाखायचं काम दुसऱ्या कुणाला शिकवलेलंच नव्हतं. मालकांना कधी गरज वाटली नाही, आणि खरं सांगायचं तर तिनेही कधी विषय काढला नाही.

नऊ पोती दारात उभी होती, दळायची गिरणी रिकामी. मुकादम घड्याळ दाखवत म्हणाला, “जिभाबाई, पोत्यांना काय चहापाण्याला बोलावलंय? उरका की.”

तिने पहिली कपची जिभेवर ठेवली. जीभ बधिर होती. दुसरी ठेवली, तेव्हाही बधिरच. नवव्या पोत्यापर्यंत जीभ तशीच होती, आणि ती तशी सुईमुळे आहे याबद्दल तिला शंका नव्हती. मुळं आतून पांढरी होती, वजनाला बरोबर होती, पोत्यांची शिवण नेहमीच्या व्यापाऱ्याची होती. तिने नऊ गोल काढले. बरणी भरायला वाकली तर जबड्यातून कळ डोक्यात गेली आणि तोंडात रक्त आलं. मग उरलेल्या आठ पोत्यांपाशी ती वाकलीच नाही. दाराजवळच्या पोत्यातून नऊ मुठी घेतल्या आणि बरणी लॅबमध्ये पाठवली. लॅबचा रिपोर्ट दुपारी आला : शुद्ध.

सहाव्या दिवशी शेड झाडताना रॅकखाली एक मूळ सापडलं. सत्तेचाळीसनंतर दुसरा माल आलाच नव्हता आणि त्याआधी फरशी धुतलेली होती, तेव्हा ते कुठल्या लॉटचं हे विचारायची गरज नव्हती. सवयीने तिने ते मोडलं आणि जिभेला लावलं. मनातले आकडे तीसवर पोचायच्या आत जिभेला मुंग्या आल्या. सुईचा असर अजून राहिला की काय, असं क्षणभर तिच्या मनात आलं. सहा दिवसांनी? ती थुंकली, चूळ भरली, तास थांबली आणि पुन्हा लावून पाहिलं. या वेळी ओठही बधिरले.

ती झाडू टाकून लॅबमध्ये गेली. केमिस्ट मुलगी तिच्या लेकीच्या वयाची, नोकरीला दीड वर्ष झालेली. जिभाबाईने तिला सगळं सांगितलं, अगदी दाढेसकट, बरणीसकट. मुलीने मूळ दळून मशीनला लावलं, तशी कागदावर बचनागाची रेघ उंच चढली.

“मावशी, बरणीत प्रत्येक पोत्यातलं घातलं का, हे मी विचारायला हवं होतं. रिपोर्टवर सही माझी आहे.”

“तू कशाला विचारशील? बावीस वर्षांत कुणी विचारलं नाही.”

दोघी मालकांच्या केबिनमध्ये गेल्या. जिभाबाईने सापडलेल्या मुळाचं सांगितलं; मशीनच्या रेघेचा कागद मात्र मुलीच्या मुठीतच राहिला. माल दळून, भरून, गावातल्या दुकानांत जाऊन चार दिवस झाले होते. मालकांनी गोदामात राहिलेल्या डब्यांतले दोन तपासायला लावले. दोन्ही स्वच्छ निघाले. नऊ पोती एकामागून एक दळलेली, सगळी काही बचनागाची नव्हती.

“मावशी, नीट आठवा,” मालक म्हणाले. आवाज चढवणाऱ्यांतले ते नव्हते. “त्या दिवशी तुम्ही नऊही पोती चाखली होती?”

“चाखली होती.”

“आणि काही लागलं नव्हतं?”

दाढेचं सांगायची हीच वेळ होती. केमिस्ट मुलगी जमिनीकडे बघत होती. जिभाबाईच्या डोळ्यांसमोर डब्यावरचा तिचाच फोटो होता, मालकांच्या मागच्या कपाटात ओळीने लावलेला, वीसेक वेळा.

“नाही,” ती म्हणाली. “काही लागलं नव्हतं.”

“मग लॉट बरोबर होता आणि आज तुमची जीभ बरोबर नाही. वय होतं, मावशी. फरशीवरच्या एका मुळासाठी मी सगळा माल परत बोलावू? लोक म्हणतील, यांच्या चूर्णात विष निघालं. गिरणी बंद पडेल. तुम्ही दोघी घरी बसाल, आणि तुमच्याबरोबर साठ जण.”

बाहेर आल्यावर मुलगी एवढंच म्हणाली, “तुम्ही सांगितलं का नाही?” पण मुलगीही केबिनमध्ये गप्प राहिली होती, हे दोघींनाही ठाऊक होतं.

त्या संध्याकाळपासून ती दुकानं पालथी घालू लागली. डबा उलटा करायचा, बुडाचा शिक्का बघायचा आणि सत्तेचाळीस असेल तर घ्यायचा. पहिल्याच दुकानदाराने विचारलं, “अहो, डब्यावर आहात त्या तुम्हीच ना? तुम्हाला काय तोटा या डब्यांचा?”

“हाच नंबर हवाय.”

“का बरं? याच्यात काय विशेष?”

तिला पटकन दुसरं काही सुचलं नाही. “यातलं मूळ फार चांगलं उतरलंय,” ती म्हणाली. “घरच्यासाठी ठेवतेय.”

एकदा सांगितलेलं सोयीचं पडलं. पुढच्या सगळ्या दुकानांत तिने तेच सांगितलं. बाजूला ठेवलेले पैसे काढले, दुपारच्या सुट्टीत नदीपलीकडच्या वस्तीतही जाऊन आली. घरी स्वयंपाकाच्या ओट्यावर डबे ओळीने मांडून ती एकेक उघडायची आणि चिमूटभर जिभेला लावायची. कडू लागलं की हायसं वाटायचं आणि पुढचा डबा घ्यायची. अकराव्या डब्याला मुंग्या आल्या. तिने तो दूर ठेवला, जीभ ताळ्यावर यायची वाट पाहिली आणि पुन्हा सुरुवात केली. सव्विसावाही तसाच निघाला.

शेजारच्या गल्लीत राहणारी लेक भाजी द्यायला आली आणि दारातच थबकली. “आई, दुकान थाटलंस की काय?”

“राहू दे. हात लावू नकोस.”

“अगं, पण एवढे कशाला?”

“चांगला माल आहे. पुन्हा असा यायचा नाही.”

“मग एक मला दे ना. बाळ्याचं पोट सारखं बिघडतंय.”

“नको म्हटलं ना!” ती एवढ्या जोरात ओरडली की लेकीच्या हातातली पिशवी खाली पडली.

“एवढं काय गं? सख्ख्या नातवाला एक डबा जड झाला?” लेक डोळे पुसत निघून गेली. तिच्यामागे धावून दाढेचं सांगावं, असं जिभाबाईला वाटलं. ती उंबऱ्यापर्यंत गेली. तिथून परत आली आणि सत्ताविसावा डबा उघडला.

सकाळी तिने ते दोन डबे केमिस्ट मुलीपुढे ठेवले. मुलीने दार लावून घेतलं, दोन्ही मशीनला लावले. रेघ त्याच जागी उंच चढली.

“आता तरी मालकांकडे जाऊ,” जिभाबाई म्हणाली. “मी दाढेचंही सांगते.”

“दोन दिवस द्या, मावशी. मी आधी घरी बोलते. माझं लायसन्स जाईल यात.”

जिभाबाईने दोन दिवस दिले. तिसऱ्या दिवशी मुलगी आली नाही. चौथ्या दिवशी टपालाने तिचा राजीनामा आला. लॅबचं टेबल धुऊनपुसून लख्ख होतं, आणि ते दोन डबे कुठेच नव्हते.

मग ती एकटीच मालकांच्या केबिनपाशी गेली. मालक बाहेरगावी होते. मुकादम मात्र खुशीत होता.

“जिभाबाई, काय जादू केलीत? सत्तेचाळीसचे गोदामातले राहिलेले सगळे डबे काल उचलले गेले. दुकानदार नंबर सांगून मागतायत!”

ती अंगावरचा एप्रनही न काढता रस्त्यावर आली.

कोपऱ्यावरच्या दुकानात, जिथे तिने पहिला डबा घेतला होता, काउंटरवर पुठ्ठा टांगलेला होता. रंगीत पेनाने, मोठ्या अक्षरांत : ‘लॉट ४७. चाखणाऱ्या बाई स्वतःच्या घरी हाच नेतात.’ खाली डब्यांचा मनोरा रचलेला, अर्धा विकून झालेला. समोर चारपाच गिऱ्हाइकं होती.

“या, या!” दुकानदार मोठ्याने म्हणाला. “ह्याच त्या बाई. विश्वास नसेल तर डब्यावरचा फोटो बघा.”

सगळ्यांनी एकदा डब्याकडे आणि एकदा तिच्याकडे पाहिलं.

“घेऊ नका,” ती म्हणाली. ती पुन्हा म्हणाली, “घेऊ नका ते. त्यात विष आहे. सगळ्या डब्यांत नाही, पण आहे.”

दुकानदार खो खो हसला. “बघा, बघा! सगळे स्वतःलाच न्यायचेत! मावशी, आमच्यासाठी पण ठेवा की थोडे.”

गिऱ्हाइकंही हसली. जिभाबाईने मनोऱ्यावर हात टाकला तसा दुकानदाराने तो हसतहसत आपल्याकडे ओढून घेतला. “अहं! आज एका गिऱ्हाइकाला दोनच.”

“माझी दाढ काढली होती हो,” ती म्हणाली. “त्या दिवशी. सुई दिली होती. मला काही लागतच नव्हतं, तरी मी गोल काढले.” कुणाला काही उमगेना. तेव्हा तिने तोंड उघडलं, गालात बोट घालून तो बाजूला ओढला आणि दाढेची रिकामी जागा दाखवली. एकेकाकडे वळून दाखवली.

लोकांचं हसणं थांबलं. कुणीतरी हळूच म्हणालं, “बिचारीचं डोकं…” आणि वाक्य अर्धंच सोडलं.

खांद्यावर सातआठ महिन्यांचं झोपलेलं बाळ घेतलेली एक बाई तेवढी पुढे झाली. बाळाचे गाल तापाने लाल होते. तिने जिभाबाईचा हात धरून तो तोंडातून अलगद खाली घेतला.

“फार ठणकतं का हो?” तिने मायेने विचारलं. “लवंग धरा दाढेत. आमच्या आईला त्यानेच आराम पडायचा.”

मग तिने काउंटरवरचा आपला डबा पिशवीत टाकला, बाळाचं डोकं खांद्यावर नीट टेकवलं आणि ती निघाली. जिभाबाई तिच्यामागे धावायला वळली, तसा दुकानदाराने काउंटरमागून येऊन तिचा दंड धरला आणि कुणालातरी स्टूल आणायला सांगितलं. “बसा, मावशी, बसा. पाणी घ्या,” तो म्हणत होता. रस्त्यापलीकडे ती पिशवी गर्दीत एकदा दिसली, मग दिसेनाशी झाली.