ओटी भरलेल्या गाडीचं तेल

अनोळखी दुकानातून साधं मडकं घेतानाही आपण ते बोटानं वाजवून बघतो. पण ओळखीच्या माणसाकडून मोठी वस्तू घ्यायची वेळ आली की आपला हात मागं येतो. बघितलं तर त्यांना काय वाटेल? चिकलठाण्याच्या मधुसूदनचं असंच झालं.

त्यानं समोर राहणाऱ्या काकासाहेबांची जुनी डिझेल गाडी घेतली. काकासाहेब नात्याचे नव्हते, पण मधुसूदनचे वडील आजारी असताना याच गाडीतून त्यांनी त्यांना कितीदा तरी दवाखान्यात नेलं-आणलं होतं. आता डोळ्यांच्या ऑपरेशनमुळं त्यांचं गाडी चालवणं बंद झालं, म्हणून गाडी घरच्याच माणसाला द्यावी असं त्यांनी ठरवलं.

किल्ली द्यायच्या दिवशी त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी बॉनेटवर हळदकुंकू लावलं, खण-नारळ ठेवला आणि चक्क गाडीची ओटी भरली. "सांभाळा तिला," म्हणत पदर डोळ्यांना लावला. मधुसूदनला ऑफिसातल्या मित्रांनी बजावून सांगितलं होतं की जुनी गाडी घेतलीस की आधी इंजिनचं तेल बघ. पण जिची ओटी भरली जातेय तिचं बॉनेट उघडा, हे म्हणायचं कुठल्या तोंडानं? तो नारळ घेऊन घरी आला.

रविवारी आईला घेऊन पिशोरला मावशीकडं जायचं ठरलं होतं. त्याची पत्नी उमा रोज विचारायची, "तेल बघितलं का?"

"काकासाहेब गॅलरीत बसलेत."

"मग? त्यांच्या गॅलरीत जाऊन बघायचंय का?"

"त्यांना वाटेल, आपला विश्वास नाही."

खरंच, काकासाहेब काळा चष्मा लावून सकाळ-संध्याकाळ गॅलरीत बसत, आणि तोंड बरोबर गाडीकडं.

शेवटी मधुसूदननं दुपारची वेळ गाठली. जेवून काकासाहेब आडवे होतात, हे त्याला ठाऊक होतं. त्यानं उमाला गाडीपुढच्या दोरीवर गोधड्या वाळत घालायला लावल्या.

"धुतलेल्या नाहीत त्या."

"घाल गं. मी काय चोरी करतोय का?"

"मग पडदा कशाला?"

त्यानं बॉनेट उघडलं, तेल मोजायची काडी ओढून काढली, घरातून आणलेल्या फडक्यानं पुसली, परत आत घालून बाहेर काढली. तेल काजळासारखं काळं होतं. तेही काडीच्या पार टोकाला, खालच्या खुणेच्याही खाली. मधुसूदनचं तोंड उतरलं. काकासाहेबांनी आपल्याला फसवलं!

त्या क्षणापासून तो मागच्या गल्लीनं ये-जा करू लागला. लक्ष्मीबाईंनी लोणचं पाठवलं, तर म्हणाला, "काळपट दिसतंय." त्या घरातून आलेलं सगळंच त्याला काळं दिसायला लागलं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी देवघरातून त्याच्या आईची, अनसूयाबाईंची, हाक आली. पूजा झाल्याशिवाय पाणीही घ्यायचं नाही, हा त्यांचा रोजचा नेम. ताम्हनातला पितळेचा बाळकृष्ण पुसायला घेतला, तर तो उजळायच्या ऐवजी काळाभोर झाला होता.

"मधू, माझं देव पुसायचं फडकं कुणी घेतलं होतं?"

उमा हळूच म्हणाली, "असू द्या, बाळकृष्ण तसाही सावळाच असतो."

मधुसूदनला सगळं सांगावं लागलं. अनसूयाबाईंनी शांतपणे ऐकून घेतलं.

"तू त्यांना विचारलंस?"

"कसं विचारू? त्यांना वाईट वाटेल."

"आणि न विचारता मनातल्या मनात लबाड ठरवलंस, ते त्यांना गोड वाटेल?"

मधुसूदननं ते काळं फडकं उचलून पाठीमागं लपवलं.

"मी रोज देवापुढं समई लावते. वात पेटवायच्या आधी वाकून आत तेल किती आहे ते बघते. देवावर विश्वास नाही म्हणून बघते का रे? दिवा मधेच विझू नये म्हणून बघते. ज्याची काळजी असते, त्याच्याकडं माणूस वाकून बघतं." त्यांनी बाळकृष्ण ताम्हनात ठेवला. "जा, विचारून ये. तू आल्यावरच मी पूजा पुरी करीन. तोवर मला पाणी नाही."

आता जाण्यावाचून गत्यंतर नव्हतं.

काकासाहेब गॅलरीतच होते. "आलास व्हय? मला वाटलं, मागच्या गल्लीतच घर घेतलंस."

"काकासाहेब, ते गाडीचं तेल..."

"बघितलंस ना? मला कुठली आलीय दुपारची झोप? गोधड्या हलल्या तवाच म्हणलं, उघडलं एकदाचं." ते गाडीकडं बघत म्हणाले, "मी इथं कशाला बसतो रे? आज तरी उघडंल, आज तरी काही विचारंल म्हणून. लेक दिली अन् सासरी कुणी तब्येतसुद्धा विचारंना, असं झालं मला."

मधुसूदन चपापला. "पण तेल लई काळं आहे हो."

काकासाहेब हसले. "डिझेलच्या गाडीचं तेल काळं नाही तर काय गुलाबी असंल? नवं घातलं तरी थोड्याच दिवसांत काळं पडतंय. रंगावर जाऊ नको. बोटात चोळून बघ, कचकच लागली तर भ्यायचं. दुधावानी पांढरट दिसलं तर पाणी मिसळलंय."

"तसं नाही. पण ते खालच्या खुणेच्याही खाली आहे."

काकासाहेबांचं हसू थांबलं. आतून लक्ष्मीबाई म्हणाल्या, "सांगा आता."

"ऑपरेशनच्या आधीच तेल बदलायचं होतं, ते राहून गेलं," काकासाहेब हळू आवाजात म्हणाले. "ओटी भरताना सांगणार होतो. मग वाटलं, मधू म्हणंल, म्हाताऱ्यानं खराब गाडी गळ्यात मारली."

"दोघंबी सारखेच," लक्ष्मीबाई बाहेर आल्या. "एक विचारीना, एक सांगंना. अन् ती बिचारी गाडी मधी उपाशी उभी."

काकासाहेब काठी घेऊन उठले. मधुसूदनच्या खांद्यावर हात ठेवून गाडीपाशी आले. चालता चालता मधुसूदननं देवाच्या फडक्याचंही सांगून टाकलं. सगळ्या गल्लीदेखत बॉनेट उघडलं. "गाडी सपाट जागेवर पायजे, इंजिन बंद करून जरा थांबायचं, मग काडी पुसून बघायची. देवाच्या फडक्यानं नाही." दोघांनी बोटं चोळून बघितली. कचकच नव्हती. पण तेल खरंच कमी होतं.

"असाच पिशोरला निघाला असतास तर वाटंतच इंजिन जाम झालं असतं. आईला घेऊन कुठं उभा राहिला असतास?" काकासाहेबांनी काडी परत आत घातली.

मधुसूदननं त्यांचा हात धरला. "माझं चुकलं. मी तुमच्याबद्दल भलतंच मनात आणलं."

"मीच ते आणायला जागा ठेवली," काकासाहेब म्हणाले.

कोपऱ्यावरच्या गॅरेजमधून फारूखभाई तेलाचा डबा अन् फिल्टर घेऊन आले. काडीवरचा थेंब बघून म्हणाले, "तेल उतर गया है, बाकी इंजिन अच्छा है. फिकर नको." त्यांनी जुनं तेल काढून नवं भरलं.

दारातून अनसूयाबाईंनी विचारलं, "झालं का रे? माझा घसा कोरडा पडलाय."

रविवारी सगळे पिशोरला गेले. काकासाहेबांना आग्रहानं पुढच्या सीटवर बसवलं. निघताना अनसूयाबाईंनी मधुसूदनच्या हातात एक जुनं धुतलेलं फडकं दिलं. "हे गाडीचं. माझ्या देवांकडं परत यायचं नाही."

बंधुभगिनींनो, भिडेपोटी आपण विचारत नाही, समोरचा सांगत नाही, आणि न बोललेल्या गोष्टीचा संशय होतो. आपल्या माणसाला मोकळेपणी विचारावं, आणि विचारायच्या आधीच आपलं उणं सांगून टाकावं. विश्वास असाच टिकतो. मधुसूदन आता गाडी काढण्याआधी बॉनेट उघडतो. गॅलरीतून हाक येते, "किती आहे रे?" आणि तो काडी उंच धरून दाखवतो.