एका माणसापुरतं पाणी

"किती माणसांसाठी हवा फिल्टर?" दुकानदारणीनं विचारलं.

"दोन," तो म्हणाला.

"एक," त्याची बायको म्हणाली आणि काउंटरपुढचं स्टूल ओढून बसली.

दुकानदारणीनं आळीपाळीनं दोघांकडे पाहिलं. तंबू, दोर, बूट आणि कंदील यांनी खच्चून भरलेल्या त्या दुकानात नवराबायकोचे वाद तिला नवे नव्हते. पण ते बहुतेक वेळा तंबूच्या रंगावरून होत.

तो लिफ्ट दुरुस्त करणारा. जन्मभर लोकांना वर पाठवलं आणि स्वतः मात्र तळमजल्यावरच राहिले, असं बायको चारचौघांत म्हणायची, आणि त्यावर सगळ्यांत मोठ्यानं तोच हसायचा. दर वर्षी थंडी पडू लागली की दोघं तंबू घेऊन डोंगरातल्या एका ओढ्याकाठी चार दिवस राहायची. तिथं पाणी उकळायचं काम तिचं. त्याला धीर म्हणून नव्हता. भांड्याच्या तळाशी बुडबुडे दिसले की "झालं, झालं" करत तो भांडं उतरवायला धावायचा. एका वर्षी ती तापानं घरी राहिली, हा एकटाच गेला आणि पोट धरून परत आला. तिनं आठवडाभर त्याची उस्तवार केली आणि त्यानंतर वर्षभर त्याला टोमणे मारले.

आता तिच्या मूत्रपिंडांनी हात टेकले होते. डॉक्टरांनी तिला पाणीसुद्धा घोटाघोटानं प्यायला सांगितलं होतं. हिवाळ्याचं काही ठरवू नका, असंही ते हळूच म्हणाले होते. दवाखान्यातून घरी येताना ती एवढंच बोलली, "मी नसले तरी तुम्ही तिथं जाणार. आणि कच्चं पाणी पिणार." फिल्टर घ्यायचं तिनंच काढलं होतं.

दुकानदारणीनं एक मोठी पिशवी हुकाला अडकवली. "काका, हिच्यात ओढ्याचं पाणी भरायचं आणि झाडाला टांगायची. खालच्या नळीतून गाळलेलं येतं. घरीसुद्धा अडीअडचणीला उपयोगी. पूर आला, नळ गेले, तरी घरादाराला पुरतं."

"हीच द्या," तो घाईनं म्हणाला.

"भरलेली पिशवी झाडाला टांगणार? त्या दुखऱ्या खांद्यानं?" बायकोनं विचारलं. "घरात पडदा अडकवायचा तर मला हाक मारता."

खांद्यामुळे हातपंपाचा फिल्टरही बाद झाला. मग दुकानदारणीनं एक जाड नळी दाखवली. एक टोक ओढ्यात बुडवायचं आणि दुसऱ्यानं ओढून प्यायचं.

"म्हणजे ओढ्याजवळ बसलेलं असेपर्यंतच पाणी," बायको म्हणाली. "चढणीवर तहान लागली की हे दिसेल त्या डबक्यातलं पितील. नको."

शेवटी एक मऊ बाटली निघाली. तिच्या तोंडावर बोटभर लांबीचा फिल्टर होता. दुकानदारणीनं बादलीतल्या गढूळ पाण्यानं ती भरली आणि त्याच्या हातात दिली. त्यानं दाबली. खांदा दुखला नाही. स्वच्छ पाण्याची बारीक धार पेल्यात पडली.

"काकू, तुम्हीही बघा ना चव," दुकानदारणीनं दुसरा पेला तिच्यापुढे धरला.

तिनं ओठ ओले केले आणि राहिलेलं पाणी नवऱ्याच्या पेल्यात ओतलं. "चांगलं आहे," ती म्हणाली.

ज्या हिवाळ्याचा नुसता विचारही त्याला नको होता, त्या हिवाळ्याची ती तयारी करत होती, आणि तीही एखाद्या लग्नकार्याला निघाल्यासारखी. तो दोरांच्या गुंडाळ्यांकडे तोंड करून उभा राहिला.

"मी नाही जाणार," तो तिकडेच बघत म्हणाला. "तुझ्याशिवाय तिथं काय करू?"

"बसायचं. ओढा बघायचा. घरात भिंतीकडे बघण्यापेक्षा बरं."

"मग ती मोठी घेऊ. असू दे जास्तीची."

"जास्तीचं काही नको," ती म्हणाली. "रोज अर्धं पाणी उरेल, आणि ते बघत बसाल."

दुकानदारीण आता खाली मान घालून बोलत होती. वापरून झाल्यावर स्वच्छ पाणी उलट्या बाजूनं मारून फिल्टर कसा धुवायचा, ते तिनं दाखवलं. मग म्हणाली, "आणि काका, हा आतून ओला राहतो. रात्री गोठला तर आतले गाळणारे पोकळ तंतू फुटतात. वरून काही कळत नाही. पाणी येत राहतं, पण गाळलेलं नसतं. म्हणून थंडीत बाहेर ठेवायचा नाही. पांघरुणात घेऊन झोपायचं."

बायकोनं नवऱ्याची बाही ओढून त्याला आपल्याकडे वळवलं. "ऐकलंत? एका कानानं ऐकाल आणि दुसऱ्यानं सोडून द्याल. सांगा बघू, रात्री कुठे ठेवायचा?"

"पांघरुणात."

"पांघरुणात कुठे? पायाशी टाकाल, आणि लाथ बसून जाईल बाहेर."

दुकानदारीण उगाच काउंटर पुसू लागली.

"तुझ्या जागी ठेवीन," तो म्हणाला.

बायकोनं मान डोलावली. काउंटरचा आधार घेऊन ती उठली आणि दुकानदारणीला म्हणाली, "हाच बांधून दे."