काळा थर

चाचणीच्या स्फोटाचा आलेख संगणकाच्या पडद्यावर आला आणि साहेबांचा चेहरा उतरला. दाबाची लाट सेन्सरपर्यंत पोचायच्या आधीच रेघ उसळून वर जाऊन चिकटली होती. इतक्या लवकर तिथे पोचतो तो फक्त उजेड.

"टोकाला काळा थर लावलाच नव्हता की काय?" साहेब कडाडले.

सेन्सर म्हणजे केसाएवढी काचेची तार आणि तिच्या टोकाला इवलासा पडदा. तारेतून उजेड जातो, पडद्यावरून परततो. दाबाने पडदा लवला की परतणारा उजेड बदलतो आणि त्यावरून लाटेचा जोर कळतो. स्फोटाचा लखलखाट आत शिरू नये म्हणून आदल्या दिवशी टोकावर काळ्या सिलिकॉनचा थर द्यायचा. एवढंसं काम, पण तेच राहिलं होतं. जिचा टिकाव तपासायला हा खटाटोप, ती संरक्षक भिंत तर स्फोटात पडून गेली होती. आता दुसरी बांधायची म्हणजे पुन्हा सगळं पहिल्यापासून.

थर लावायचं काम चिमणीचं. दिवसभर चिवचिवाट करते म्हणून तिला हे नाव पडलं होतं. आज मात्र ती हळू आवाजात बोलली.

"काल आई पडली म्हणून फोन आला, साहेब. मी घाईत निघाले. पण ताई म्हणाल्या होत्या ना, मी लावते म्हणून?" तिने गटातल्या सर्वांत ज्येष्ठ ताईंकडे पाहिलं. "की मलाच तसं वाटलं?"

ताई म्हणाल्या होत्या. "तू जा गं, मी बघते," असं पाठीवर हात ठेवून म्हणाल्या होत्या. मग कुणीतरी चहाला हाक मारली आणि ते डोक्यातून साफ गेलं.

"मला नाही बाई आठवत," ताई म्हणाल्या. खोटं किती अलगद जिभेवर आलं!

"मग माझ्याच हातून राहिलं," चिमणी म्हणाली. तिला ते खरंच पटलं होतं.

"पुढच्या चाचणीत ही मला नको," साहेबांनी सगळ्यांदेखत सांगून टाकलं.

त्या दिवशी ताईंनी डबा न उघडताच घरी नेला. दुसऱ्या दिवशी सकाळी आल्या आल्या त्या साहेबांसमोर उभ्या राहिल्या. "मीच विसरले, साहेब. आणि काल खोटं बोलले."

साहेब थबकले, मग हसले. "अहो ताई, चालायचंच! एवढं काय मनाला लावून घेता? बसा, चहा सांगतो."

काल चिमणीला कुणी बसा म्हटलं नव्हतं. ताईंच्या कानाच्या पाळ्या तापल्या. "तिला चारचौघांत बोललात ना? मग मलाही तसंच बोला."

"काहीतरीच काय!"

मग ताईच बाहेर गेल्या आणि आवराआवर करणाऱ्या सगळ्यांसमोर मान खाली घालून सांगून मोकळ्या झाल्या. एकजण उगाच खाकरला. चिमणीच्या हातातलं केबलचं वेटोळं सुटलं.

"म्हणजे मी विसरले नव्हते?"

"नाही गं."

तिचा चेहरा उजळला आणि लगेच विझला.

"ताई, काल घरी जाऊन मी आईवर केवढी ओरडले! तुला नेमकं तेव्हाच पडायचं होतं का, तुझ्यापायी माझी अब्रू गेली, म्हटलं. तिचा पाय हा एवढा सुजलेला. आणि तीच मला म्हणत होती, चुकलं गं माझं."

ताई पुढे झाल्या. "मी येते तुझ्याकडे. मी सांगते त्यांना."

"काय सांगाल?" चिमणीने विचारलं. त्यात टोमणा नव्हता. तिला खरंच जाणून घ्यायचं होतं.

"चुकलं ते त्यांचं नाही, माझं," ताई म्हणाल्या आणि त्यांनी पर्स उचलली.