होईल जागा

हिंदुराव शेळके यांच्या दोन आसनांच्या मोटारीत रविवारी सकाळी तिसरे आसन उगवले. ओल्या जमिनीतून अळंबी वर यावी, तसे ते पुढच्या आसनामागून निःशब्दपणे वर आले. त्याला तेच तांबूस कातडे होते, तीच पांढऱ्या दोऱ्याची शिवण होती आणि माणूस टेकताच त्याला कुशीत ओढून घेणारा तोच मऊपणा होता.

मोटार नवी होती. परंतु तिचे रूप मुद्दाम जुन्या काळाचे घडविलेले होते. समोर वाटोळे दिवे, आत चकचकीत कड्यांच्या वाटोळ्या तबकड्या, लाकडी मुठीचा गिअर आणि कळ दाबताच मागे घडी होऊन बसणारे कापडी छत. ही घडी डिकीत जात असल्यामुळे तेथे नारळाची पिशवीसुद्धा मावत नसे. शोरूममधील तरुणाने ही उणीव खालच्या आवाजात सांगितली, आणि हिंदुरावांनी त्याच क्षणी मोटार घेण्याचा निश्चय केला. जिच्यात पिशवी मावत नाही, तिच्यात पाहुणा कोठून मावणार?

कारण हिंदुरावांनी सारी उमर वडाप चालविले होते. वडाप म्हणजे गावोगावची माणसे कोंबून नेणारी जीप. तिच्या पायरीवर लोंबकळणाऱ्यालाही ते म्हणत, "बसा की, होईल जागा." आणि जागा होत असे, परंतु ती नेहमी त्यांच्या पत्नीच्या, रत्नप्रभेच्या, वाट्यातून होत असे. जीपच्या पुढच्या आसनावर कधी वडील बसले, कधी चुलते, कधी अनोळखी तलाठी. रत्नप्रभा मागे दुधाच्या किटल्यांत अंग चोरून बसली. ज्या बाईने जन्मभर संसाराचा गाडा शेजारी राहून ओढला, तिला गाडीत नवऱ्याच्या शेजारी एकदाही बसता येऊ नये? हा अन्याय हिंदुरावांच्या काळजात काट्यासारखा रुतून बसला होता. म्हणून रस्त्यात गेलेल्या जमिनीचा मोबदला हाती येताच त्यांनी ही मोटार आणली. नव्या वाहनाने प्रथम कुलदैवताला जावे, तेही जोडीने. तेव्हा पालीच्या खंडोबापुढे रत्नप्रभेला शेजारी घेऊनच उतरायचे, असा त्यांचा संकल्प होता.

चाकाखाली लिंबू ठेवले गेले. रत्नप्रभा पुढच्या आसनावर बसली आणि त्यात एवढी खोल गेली, की तिला हसू आवरेना.

"अगं बाई, ही खुर्ची हाय का पाळणा?"

"बस गुमान," हिंदुराव म्हणाले. परंतु त्यांचा ऊर भरून आला होता.

एवढ्यात थोरल्या बहिणीचे यजमान, जयवंत दाजी, काखोटीला धोतरजोडी मारून फाटकात उभे राहिले.

"काय शेळके, आम्हाला न सांगताच देवाला?"

"तसं कसं, दाजी? चला की."

"आन् ह्या खेळण्यात बसू कुठं? तुझ्या मांडीवर?"

"बसा की," हिंदुरावांची जीभ सवयीने वळली, "होईल जागा."

आणि जागा झाली. तिसरे आसन उगवले ते याच वेळी. मोटार बाहेरून तसूभरही वाढली नाही. दाजींना मागे कसे बसवावे? रत्नप्रभा आपण होऊन उठली, मागच्या आसनावर गेली, आणि दाजी पुढे विराजमान झाले.

"ऐसपैस हाय की रे," दाजी पाय लांबवीत म्हणाले. "लोक उगीच नावं ठेवत्यात."

वेशीपाशी चुलते आप्पासाहेब काठी टेकीत उभे होते. हिंदुरावांनी दात घट्ट आवळले होते; तरीही वडीलधाऱ्या माणसापुढे ते उघडले आणि आतून तेच शब्द बाहेर पडले. नवे आसन आले. रत्नप्रभा एक रांग मागे सरकली. पुढे लोणच्याची बरणी घेतलेली मावशी भेटली, मग मावशीची जाऊ, मग जावेच्या माहेरची माणसे. ज्याला त्याला तोच मऊपणा लाभला, पाय पसरण्यास तेवढीच जागा लाभली. प्रत्येकाच्या उजव्या हाताशी पेला ठेवण्याची खळगीही उगवली. मावशीने आपल्या खळगीत बरणी बसविली; ती अशी चपखल बसली, की जणू मापानेच घडविली असावी.

हिंदुरावांनी आरशात पाहिले. आरशात रांगांमागे रांगा होत्या, आणि रत्नप्रभेचा पदर दूर कोठेतरी शेताच्या बांधावर वाळत घातल्यासारखा दिसत होता. संतापाने त्यांचे कान तापले. त्यांनी गाडी कडेला घेतली आणि शोरूममधील तरुणाला फोन लावला.

"तुमची गाडी आतून लांबतेय."

"कुठपर्यंत लांबली, सर?"

"बायको दिसंना झालीय, तिथपर्यंत."

"सीट आरामदायी आहेत ना?"

हिंदुरावांना खोटे बोलता येईना. "आरामदायी हायत."

"कुणी अवघडून बसलंय का?"

"नाही."

"मग तक्रार काय लिहू, सर?"

हिंदुरावांनी फोन ठेवला. दोन आसने सांगून विकलेल्या वाहनात गोत बसवावे आणि वर तक्रार काय म्हणून विचारावे, हा कोणता न्याय? परंतु विचारणार कोणाला? आप्पासाहेब घोरत होते. दाजींनी जोडे काढले होते.

गाडी पुन्हा निघाली. आता मागचे बोलणे वाऱ्यावर पुढे येत नसे. ते रांगेरांगेने पोहोचत असे.

"वहिनी म्हणत्यात, टोपी घाला, ऊन लागंल," दाजींनी सांगितले.

"तिला म्हणावं, पुढं ये."

निरोप मागे गेला. दाजींपासून मावशीकडे, मावशीपासून जावेकडे, असा तो तोंडातोंडातून जाताना ऐकू येत राहिला आणि मग विरून गेला. पालीचा डोंगर दिसू लागला, तेव्हा उत्तर आले.

"म्हणत्यात, आप्पासाहेब उठले की येते."

"उठवा त्यांना!"

"वाईच डोळा लागलाय म्हाताऱ्याचा. तुझी शीटच अशी हाय, माणूस उठंल कसा?"

हिंदुरावांनी त्या मऊ कातड्याकडे असे पाहिले, की ते जळून खाक व्हावे. ते जळले नाही. उलट त्यांच्याच पाठीखाली आणखी मऊ झाले. देवळाचा कळस जवळ येत होता आणि शेजारी दाजींचे उघडे तळपाय होते. एवढ्यात मागून घाईघाईने दुसरा निरोप आला.

"वहिनी म्हणत्यात, फुडच्या फाट्यावर थांबवा. त्यांची आई उभी ऱ्हायलीय."

फाट्यावर खरोखरच रत्नप्रभेची आई उभी होती. हातात खण-नारळाची पिशवी, उन्हाने डोळे बारीक झालेले. जावयाची गाडी पाहताच म्हातारीने तोंडभर हसून पाऊल पुढे टाकले.

"आले व्हय, जावईबापू? मला बी देवाला न्हेता?"

हिंदुरावांनी गाडी थांबविली. जिभेवर ते शब्द आलेच होते. परंतु त्यांच्यामागून एका जन्माचा राग आला आणि त्याने त्या शब्दांचा गळा धरला.

"नाही," हिंदुराव ओरडले. "जागा नाही. अजिबात जागा नाही!"

गाडीने तेही ऐकले.

एकही आसन मोडले नाही, कोणी पडले नाही. रांगा मिटत गेल्या आणि माणसे ज्या क्रमाने चढली होती त्याच्या उलट क्रमाने डांबरावर उतरलेली दिसली. जावेच्या माहेरची माणसे, बरणीसह मावशी, काठीसह आप्पासाहेब, अनवाणी दाजी. मग शेजारचे आसनही मिटले. डावा दरवाजा हिंदुरावांच्या डाव्या कोपराला येऊन टेकला. छत आपण होऊन वर आले आणि डोक्यावर घट्ट बसले. कातडे गळ्यापर्यंत चढले. ते मऊ होते.

रत्नप्रभा रस्त्यावरून चालत चालत पुढे आली. तिने काचेवर बोट वाजविले.

"प्रभा," हिंदुराव म्हणाले, "बस." पुढचे शब्द उच्चारण्याइतका जबडा उघडेना.

तिने आत पाहिले. सगळीकडे पाहिले. मग तिने आईच्या हातातली पिशवी आपल्या हाती घेतली.

"राहू द्या," ती म्हणाली. "तुम्ही व्हा पुढं. आम्ही येतो मागनं."

गाडी चालू झाली. पदर डोक्यावर घेऊन रत्नप्रभा आईच्या शेजारी रस्त्याच्या कडेला उभी राहिली, आणि देवळाकडे जाणाऱ्या पहिल्या जीपला तिने हात दाखविला.