पाठीचा ठोकळा

ड्रिल प्लेटच्या पलीकडे निघालं आणि मी झटकन मशीन बंद केलं. आवाज बदलला होता.

ही प्लेट सिरॅमिकची, पण आत धाग्यांची वीण. हिऱ्याच्या ड्रिलनेच भोक पडतं. ड्रिल बाहेर निघताना धागे फाटू नयेत म्हणून प्लेटच्या पाठीला ठोकळा लावायचा, दरवेळी कोऱ्या बाजूने. मी प्लेट सोडवली. ठोकळ्याची जुनीच बाजू, पार चाळण झालेली. नेमकं जुन्या भोकावर नवं भोक आलं होतं.

"ठोंब्या! ठोकळा उलटवला नाहीस?"

ठोंब्या म्हणजे माझा धाकटा भाऊ. ठोकळा लावून प्लेट मशीनवर बांधायची यानेच, आणि दुपारच्या चाचणीत तिच्यामागे उभं राहायचंही यानेच. पलीकडे भट्टीची ज्वाळा, अलीकडे हा, मध्ये एवढीच प्लेट.

"अगं ताई, दिसतंय का कुठे काही?"

दिसत नव्हतं. मी नाण्याने वाजवून पाहिलं. सगळीकडे टण् टण्, त्या भोकापाशी थप्प. आत थर सुटले होते. त्यालाही कळलं. पांढराफटक पडला.

"साहेबांना सांगू नकोस ना. मागची प्लेटही माझ्यामुळेच वाया गेली. आता हाकलतील." वर हसायला बघत होता मेला. "एवढ्याशा थप्पने काय होतंय!"

"कोळसा होईल तुझा, गाढवा!"

तो प्लेट उचलून दाराकडे निघालाच. धावत जाऊन ती हिसकावली आणि जीव खाऊन जमिनीवर आपटली. फुटली नाही. फुटेल कशी? धागे त्यासाठीच तर घालतात.

"बघ, किती मजबूत आहे," तो म्हणाला, पण ती उचलायला वाकला नाही.

मजबूत म्हणे! मी प्लेट पुन्हा मशीनवर चढवली, पाठीला ठोकळा न लावता, आणि मधोमध आरपार ड्रिल घातलं. कर्कश आवाज झाला, पाठीचे धागे फाटून लोंबले; आता ही प्लेट चाचणीला जाणं शक्य नव्हतं. साहेब धावत आले.

"कुणी केलं हे?"

ठोंब्याने तोंड उघडलं. मी त्याच्या पायावर पाय दिला.

"मी. हात चुकला."

त्याच दुपारी मला काढलं. संध्याकाळी ठोंब्या ताटावर बसला, घास हातात तसाच.

"जेव," मी खेकसले. भीती अजून गेली नव्हती. त्याच्या ताटावरून माझी नजर हलेना. रडत रडत का होईना, तो जेवला.